मल्लम्माचं ‘चालतंय’

कळंबच्या पेठेत विरुपाक्षप्पाचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागं, विहिरीच्या अंगाला, वीस पावलांची लांब पडवी होती. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला पाण्याचा रांजण. मधल्या खांबाला पाठ लावून, मांडीवर खण पसरून मल्लम्मा चोळ्या शिवत बसलेली असायची. ही विरुपाक्षप्पाची थोरली बहीण. सकाळी लिंगपूजा आटोपून ती खांबाशी बसायची ती दिवेलागणीला गिऱ्हाईक पांगल्यावरच उठायची. पेठेतल्या जुन्या बायकांना सगळं ठाऊक होतं, पण बाहेरगावच्या बायांनी तिला उभी कधी बघितलीच नव्हती.

उभी राहिली की कळायचं. डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड होता.

पण या बसलेल्या बाईचा दरारा काय वर्णावा! होळी झाली, करडईची काढणी उरकत आली, पाडवा पंधरा दिवसांवर आला, की आसपासचे विणकर नवी लुगडी घेऊन विरुपाक्षप्पाकडं यायचे. वर्षभर दुकानात पन्नास तऱ्हेचं कापड यायचं-जायचं, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण पाडव्याला दर्शनी दांडीवर कुणाची लुगडी चढणार, हे पडवीत ठरायचं, आणि ते मल्लम्मा ठरवायची. गावातल्या बायका दुकानाची पायरी चढायच्या आधी विचारायच्या, "अक्का काय म्हणली?"

लुगडं घडीत बघायचं नाही, असा तिचा दंडक होता. विणकरानं कौतुकानं घडी उलगडली, पदर पसरला, की ती मान फिरवायची. म्हणायची, "ठिवा ते. अंगावर घालून चालवून दावा."

मग चालणाऱ्या दोघीजणी असायच्या. एक विरुपाक्षप्पाची बायको नीलम्मा. ती आपल्या लिंगायत रिवाजानं गोल नेसायची. दुसरी दुकानाची झाडलोट करणारी प्रेमाबाई, ती कासोटा घालून नेसायची. एक लुगडं हिच्या अंगावर, एक तिच्या. दारापासून रांजणापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. मग काखेत घागर घेऊन तसंच. मग खाली बसायचं, उठायचं, आणि उठल्यावर निऱ्यांना हात लावायचा नाही. भिंतीशी पंधरा-वीस बाया बसलेल्या असायच्या, आणि मल्लम्मा सुई न थांबवता नुसती पावलांकडं बघायची. तोंडाकडं नाही, पदराकडं नाही, पावलांकडं.

आणि बोलायची तेव्हा विणकराची झोप उडायची. एकानं मोठ्या हौसेनं जरीचा पदर भरून आणला, तर म्हणाली, "पदर गावभर हिंडून आला, लुगडं अजून घरातच हाय." एका हिरव्याला म्हणाली, "हुबी ऱ्हायली की झाड, चालली की झुडूप." आणि धाराशिवच्या एका नामांकित कारागिराचं लुगडं नीलम्मानं तीन फेऱ्या चालवून दाखवलं, तेव्हा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "हे लुगडंच बाईला नेसतंय. बाईला काय करायचं ठिवलंच न्हाय." तो कारागीर दोन वर्षं दुकानाकडं फिरकला नाही. तिसऱ्या वर्षी आला, तेव्हा काठ दोन बोटं अरुंद करून आला होता.

बरं, आवडलं तर? तर एकच शब्द. "चालतंय."

आता सगळ्या मुलखात ‘चालतंय’ म्हणजे काय ते सांगायला नको. भाकरी जरा करपली, चालतंय. पोरगा काळा आहे, चालतंय. पण मल्लम्माच्या तोंडी त्याचा अर्थ सरळ होता. लुगडं चालतंय. बाईबरोबर चालतंय, पायात येत नाही, मागं ओढत नाही, पुढं धावत नाही. याहून मोठा शब्द तिच्याकडं नव्हता. बावीस वर्षांत तिनं तो नऊ वेळा वापरला होता, आणि कळंबच्या बाया ती नऊ लुगडी बोटांवर मोजून सांगायच्या.

हा शब्द तिच्याकडं कुठनं आला, ते मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

मल्लम्मा पंधरा वर्षांची असताना आळंदकडची माणसं तिला बघायला आली होती. तिचे वडील माणिकप्पा तसे भले माणूस, पण पोरीच्या काळजीनं त्यांची अक्कल फिरली. त्यांनी पाहुणे यायच्या आधीच पोरीला पाटावर बसवली, आणि पाहुणे वाड्याबाहेर पडेस्तोवर उठू दिली नाही. तिचं शिवण दाखवलं, रांगोळी दाखवली. पाहुण्यातली एक म्हातारी म्हणाली, "जरा चालून दाव ग, बाळ," तर माणिकप्पा घाईघाईनं म्हणाले, "आमच्यात चालवत न्हाईत." असला रिवाज कुठंच नव्हता. पण पाहुणे कानडी मुलखातले, त्यांना वाटलं, असेल बाबा मराठी मुलखात.

लग्न लागलं. वरात आळंदला पोचली. उंबऱ्यावरचं माप ओलांडून मल्लम्मा चार पावलं चालली, आणि घरातलं बोलणं थांबलं. सासू जरा वेळानं नवऱ्याकडं बघून कानडीत म्हणाली, "नडीतद." चालतंय, चालवून घेऊ. वर्षभर तिनं ते चालवून घेतलं. मल्लम्मा पाणी भरायला निघाली की सासू म्हणायची, नडीतद. पाहुणे आले की मल्लम्माला आत बसवायची आणि म्हणायची, नडीतद. शिव्या नाहीत, मारहाण नाही. मल्लम्मा पुढं एकदाच नीलम्माला म्हणाली होती, की मारलं असतं तर बरं झालं असतं, रडायला कारण तरी मिळालं असतं. वर्ष संपलं आणि सणाला म्हणून माहेरी पाठवली, ती परत न्यायला कुणी आलं नाही.

ती खांबाशी बसली ती तेव्हापासून. त्या पाडव्याला माणिकप्पांनी दुकानात नवी लुगडी आणली होती. प्रेमाबाई तेव्हा नवी नवी कामाला लागलेली, तिनं त्यातलं एक सहज नेसून बघितलं आणि पडवीतून रांजणाकडं गेली. तेव्हा चौदा वर्षांच्या विरुपाक्षप्पानं बहिणीला बोलतं करायचं म्हणून विचारलं, "अक्का, कसं हाय ग?" मल्लम्मा तिच्या पावलांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चालतंय." आणि त्या दिवशी, कित्येक महिन्यांनी, पोटभर जेवली.

असो. दुसरी मोठी लढाई आली, कापड सरकारी कंट्रोलात गेलं. संस्थानच्या कचेरीतून उर्दूतला हुकूम यायचा आणि त्याबरोबर गिरणीच्या जाड्याभरड्या कापडाचे गठ्ठे यायचे. त्यात नेसून चालून बघण्यासारखं काय होतं! तीन वर्षं पडवी ओस पडली. लढाई संपून सहा-सात महिने झाले, मागांना थोडं सूत सुटायला लागलं, तेव्हा त्या साली होळीनंतर पहिल्यांदा पडवी सारवली गेली. बाजारचा दिवस होता. भिंतीशी बाया दाटीवाटीनं बसल्या.

त्या दिवशी तेरहून कल्याणप्पा विणकर आला. त्याचा माल आजवर बार्शीला जायचा. पण बार्शी पडली इंग्रजांच्या हद्दीत, आणि कंट्रोलपासून हद्दीपलीकडं कापड न्यायला परवान्यांची भेंडोळी लागायची. म्हणून तो पहिल्यांदाच कळंबला आला होता. बरोबर त्याची लेक शिवगंगा, एकोणीस-वीस वर्षांची, हातात चार लुगड्यांचं बोचकं. ती बोचकं असं धरून होती की कुणी मागितलं तरी देणार नाही.

कल्याणप्पानं दारातूनच विरुपाक्षप्पाला सांगितलं, ते मल्लम्माला पडवीत नीट ऐकू आलं. "शेठ, खरं ते सांगतो. माझी नजर अधू झाली. हे सगळं पोरीनं विणलंय. बायकांनी कांड्या भराव्या, मागावर बसू न्हाय म्हणतेत लोक, पण बसली. तुमच्या दांडीवर चढलं तर माग ऱ्हाईल. न्हाय तर पाडवा झाला की माग उपटणार. सोलापूरला मेव्हणा गिरणीत हाय, त्याच्याकडं जातो. मग हिच्या हातचं काय ऱ्हायचं न्हाय."

"ते माझ्या हातात न्हाय," विरुपाक्षप्पा म्हणाला. "पोरीला पडवीत पाठवा. तुम्ही हितं बसा, पाणी घ्या."

शिवगंगा पडवीत आली, मल्लम्माला वाकून नमस्कार केला आणि खांबापासून हातभर अंतरावर बसली. तिच्या बोटांना धोट्यानं पडलेले घट्टे मल्लम्मानं बघितले. मनात म्हणाली, लबाडी नाही, हिनंच विणलंय.

पहिलं लुगडं नीलम्मानं नेसलं. आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तांबूस रंग, बारीक काठ. नीलम्मा गेली, वळली, आली. मल्लम्मा म्हणाली, "रंग चांगला धरलास. पण वळताना लुगडं इचार करतंय. जरा सैल विणायचं." शिवगंगानं मान हलवली, जणू तिलाही ते ठाऊक होतं. दुसरं पिवळं. मल्लम्मा म्हणाली, "हे हळदीपुरतं. पाडव्याला न्हाय." तिसरं पांढऱ्या बुट्ट्यांचं, ते घागरीसकट छान चाललं. "हे बसून उठल्यावरबी तसंच हाय. चांगलं हाय," मल्लम्मा म्हणाली, आणि भिंतीशी कुजबुज झाली. एवढंही ती सहसा म्हणत नसे. शिवगंगाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग चौथं. ते प्रेमाबाई आत जाऊन नेसून आली. अंग जांभळ्या वांग्याच्या रंगाचं, आणि काठ करडईच्या फुलाचा, पिवळ्यातून तांबड्याकडं जाणारा. काठ करवतीचा होता. करवतकाठ म्हणजे सगळे दात एकासारखे एक, त्यातच विणकराची कसोटी. पण या काठाचे दात एक मोठा, एक बारका, पुन्हा एक मोठा, एक बारका असे होते. सगळ्या काठभर तसेच.

प्रेमाबाई पडवीतून चालायला लागली. खाली बघितलं, हसली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया, ह्यो काठ लंगडतोय की."

पडवी गप्प झाली. भिंतीशी बसलेल्या बायांनी एकमेकींकडं बघायचंही टाळलं. प्रेमाबाई अर्ध्या वाटेत थबकली. बावीस वर्षं ती या घरात होती, मल्लम्माच्या पायाला दर थंडीत तेल लावत होती, आणि हा शब्द तिनं कधी ओठावर आणला नव्हता. तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली.

शिवगंगाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं बसलेली मल्लम्माच पाहिली होती. तिला एवढंच दिसलं, की तिच्या सगळ्यांत लाडक्या लुगड्याला बघून सगळ्यांची तोंडं पडली.

"थांबू नगस," मल्लम्मा प्रेमाबाईला म्हणाली. "चाल."

प्रेमाबाई चालली. मल्लम्माची सुई थांबली. सरळ काठाची एक खोड मल्लम्माला जन्मापासून माहीत होती. सरळ काठ म्हणजे जमिनीवर मारलेली रेघ, बाईचं पाऊल जरा खालीवर झालं की ती रेघ गावाला ओरडून सांगते. ती स्वतः म्हणूनच बिनकाठाचं काळपट लुगडं नेसायची. आणि हा काठ प्रेमाबाईच्या पावलांबरोबर उचलत होता, ठेवत होता, उचलत होता, ठेवत होता. मोठा दात, बारका दात. पाऊल कसं पडावं याचा त्याचा काही आग्रह नव्हता. घागर घेतली, बसली, उठली. काठ आपला आपल्या चालीनं चालत होता.

मल्लम्मानं प्रेमाबाईच्या पावलांवरची नजर काढली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण पंधरा-वीस बाया तिच्याकडं डोळे लावून होत्या, आणि ‘लंगडतोय’ हा शब्द अजून पडवीत होता. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चालतंय."

शिवगंगानं विचारलं, "चालतंय? एवढंच?"

"एवढंच," मल्लम्मा म्हणाली. तिच्या लेखी ते पुष्कळ होतं.

प्रेमाबाई तोंड लपवत आत पळाली. नीलम्मा तिच्या मागं गेली. बायांनी सुटकेचा श्वास टाकला आणि एकदम सगळ्याच बोलायला लागल्या, दहावं लुगडं, दहावं. त्या गलबल्यात शिवगंगा उठली, तिन्ही लुगडी बोचक्यात बांधली, चौथं मागायलाही थांबली नाही आणि बाजूच्या बोळानं निघून गेली. मल्लम्माला वाटलं, बापाला सांगायला गेली. तिच्या डोळ्यांपुढंही आलं, की पोरगी बापाला सांगते आहे, बाप डोळे पुसतो आहे.

बराच वेळ झाला तरी कुणी आत येईना, तेव्हा तिनं भावाला हाक मारली. विरुपाक्षप्पा म्हणाला, "ती दोघं गेली की. पोरगी आली, बापाला म्हणली, ‘चला, झालं.’ मला वाटलं, तूच पाठवलीस. म्या पुढं गिऱ्हाईकात होतो."

"आर् पण म्या चालतंय म्हणले."

विरुपाक्षप्पानं कपाळाला हात लावला. "अक्का, ती तेरची हाय. तिला काय ठावं तुझं चालतंय?"

त्यानं लगेच दुकानाच्या म्हाताऱ्या दिवाणजीला, हणमंतप्पाला पिटाळलं. तेरच्या गाड्या वेशीबाहेरच्या चिंचेखाली सोडलेल्या असायच्या आणि ऊन कललं की निघायच्या. हणमंतप्पा घाम पुसत परत आला, एकटाच.

"म्या समजावून सांगितलं, लई चांगलं म्हणल्या म्हणून," तो म्हणाला. "ऐकत न्हाय. म्हणती, तोंड बघितलं म्या त्यांचं. सगळ्यांची तोंडं बघितली. आता दया आली आसंल, म्हणून माणूस पाठवलं. आन् म्हणती, अक्कास्नी सांगा, माझं लुगडं कुणी चालवून घ्यायला नगं."

चालवून घ्यायला नको. मल्लम्मानं मांडीवरचा खण बाजूला ठेवला. पंधरा वर्षांची असताना हेच वाक्य आळंदच्या त्या उंबऱ्यात तिच्या तोंडात आलं होतं, आणि तिनं ते गिळलं होतं. या पोरीनं गिळलं नाही. मल्लम्माला लाज वाटली आणि त्याच वेळी त्या पोरीचा अभिमानही वाटला. पण लाजच जास्त वाटली, कारण आळंदच्या सासूचा शब्द आज तिनं स्वतः त्या पोरीच्या पदरात टाकला होता.

"म्या जातो," विरुपाक्षप्पा म्हणाला.

"तू जाऊन काय सांगशील? तेच, जे हणमंतप्पानं सांगितलं." ती खांबाला धरून उठली. दिवसाढवळ्या, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना उठली. "प्रेमा, ते लुगडं आण."

लुगडं तेवढं एकच मागं राहिलं होतं, प्रेमाबाईच्या अंगावरचं. प्रेमाबाईनं ते आत सोडलं होतं आणि घडी घालून मांडीवर घेऊन कोपऱ्यात मुसमुसत बसली होती. "अक्का, माझी जीभ झडली आसती तर बरं झालं आसतं," ती म्हणाली.

"झडायला नगं. खरंच बोललीस तू. काठ लंगडतोय. नेसव मला."

प्रेमाबाईनं आणि नीलम्मानं मिळून मल्लम्माला ते लुगडं नेसवलं, गोल. नीलम्मा सवयीनं डावीकडच्या निऱ्या वर खोचायला लागली, की पाय झाकावा, तर मल्लम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जसं पडतंय तसं पडू दे."

आणि ती बाहेर पडली. मागच्या बोळानं नाही. दुकानाच्या पुढच्या पायऱ्या उतरून भर पेठेत.

बावीस वर्षं ती देवळात जायची तीही पहाटे आणि मागच्या बोळानं. आता बाजारचा दिवस, भर दुपार, धान्याच्या राशी, तराजू, गाढवं, माणसं. मल्लम्मा चालत होती आणि वाटेतली माणसं बाजूला सरत होती. काही जण तिच्या पायाकडं बघत होते, ते तिला कळत होतं, कारण लोकांच्या पावलांकडं बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आधी तिचा जीव अर्धा झाला. अडत्याच्या ओट्यापाशी तर वाटलं, परत फिरावं. पण परतीचं अंतरही तेवढंच होतं. मग एका मिरचीवालीनं शेजारणीला म्हटलेलं तिच्या कानावर आलं, "काठ बघितलास का? कुठनं घेतलं आसंल?" मल्लम्मा पुढं चालली.

चिंचेखाली तेरच्या तीन गाड्या जुंपायला काढल्या होत्या. कल्याणप्पा बैलांना पाणी दाखवत होता. शिवगंगा गाडीच्या साट्यात पाठ करून बसली होती, बोचकं पोटाशी. तिच्या बापानं आधी बघितलं, आणि तिला हाक मारली.

शिवगंगा वळली. पेठेकडून एक बाई येत होती. आधी तिनं लुगडं ओळखलं. आपल्या हातचं काम माणूस लांबूनही ओळखतं. मग बाई ओळखली. मग ती बाई कशी चालते आहे ते तिला दिसलं. पडवीतली ती शांतता, ती पडलेली तोंडं, ‘लंगडतोय की’, सगळं तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिचा हात आपोआप तोंडावर गेला. ती गाडीतून उतरली.

मल्लम्मा चिंचेच्या सावलीत येऊन थांबली. तिला धाप लागली होती. काय बोलायचं ते वाटेभर जुळवलं होतं, त्यातलं निम्मं विसरलं होतं.

"पोरी, म्या बसून बोलले, तितं चुकलं," ती म्हणाली. "बसून सांगितलेलं खोटं वाटतंय, हे मला कुणापरीस जास्त ठावं. म्हणून चालत आले. दात असं का पाडलंस, ते सांग आधी."

शिवगंगा खाली मान घालून म्हणाली, "सूत दोन जातीचं आलं, अक्का. एक जाड, एक बारीक. तेच भेटलं. दात सारखं पाडायला गेले की काठ आखडायचा, लुगडं एका अंगाला वढायचं. चारदा उसवलं. मग म्हणलं, ह्याला आपण सरळ करायला नगं. चालू दे ह्याच्या चालीनं."

मल्लम्मानं वाकून काठाच्या दातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझं मत ऱ्हाऊ दे आता. लुगडं तुझं हाय, अंगावर माझ्या हाय. मला बघायला आले होते तवा बापानं चालून दावू दिलं न्हाय. आज दावते. बघ, आन् तू सांग."

आणि ती चालली. चिंचेपासून वेशीच्या दगडापर्यंत, पडवीएवढंच अंतर असेल. गेली, वळली, आली. गाडीवाले बैल धरून उभे होते, कल्याणप्पा अधू डोळ्यांनी बघत होता, पेठेतून मागोमाग आलेली चार-दोन माणसं उभी होती. शिवगंगा तिच्या तोंडाकडं बघत नव्हती, पदराकडं बघत नव्हती. पावलांकडं बघत होती.

"आजून एकदा," शिवगंगा म्हणाली.

मल्लम्मा पुन्हा गेली, पुन्हा आली. उंच पाऊल, आखूड पाऊल. मोठा दात, बारका दात. या वेळी तिनं खाली बघितलं नाही.

शिवगंगानं डोळे पुसले. तिला आता तो शब्द कळला होता, नीट कळला होता.

"चालतंय, अक्का," ती म्हणाली.

आजवर मल्लम्मानं हा शब्द दहा जणांना दिला होता. तिला स्वतःला तो असा कुणी दिलेला आजच मिळाला. ती गाडीच्या जुवावर टेकली, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं, आणि कल्याणप्पाला म्हणाली, "ते बोचकं उतरवू नका. गाडी दुकानाकडं वळवा. दांडीवर चढवायचंय. आन् मलाबी घ्या त्याच गाडीत, पाय लई दुखतोय."